निसर्ग वादळात पाणी बांधावर आलं नाही, म्हणून ते कधी येणारच नाही का? (न झालेल्या वादळांचा हिशोब)

आगरवाडी

मंडळी, दापोली तालुक्यात खाडीकाठी आमचं घर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात कौलं उडाली, पडवी बसली आणि आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. तेव्हा डागडुजी करून निभावलं. आता मी आणि धाकटा भाऊ मिळून नवीन घर बांधतोय. गवंडीमामांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "जोतं किती घेऊ?"

काका म्हणाले, "नेहमीचं दोन फूट घ्या. निसर्गएवढं वादळ आमच्या जन्मात झालं नाही, आणि त्यातही खाडीचं पाणी बांधावर आलं नाही. वरचे तीन थर चिरे कोरडे होते. वाऱ्याची भीती धरा, पाण्याची नको." वाडीत सगळ्यांचं मत हेच आहे.

मलाही ते पटलं होतं. मग आईने एक गोष्ट सांगितली. शेजाऱ्यांची होडी बांधाच्या खालच्या अंगाला बांधलेली असते. ओहोटीला ती चिखलात कलती पडलेली दिसते. त्या दुपारी तीनच्या सुमारास आई मागच्या खिडकीतून बघत होती. होडी तरंगत होती आणि बांधाला धडका देत होती. छपरं उडत असताना होडीकडे कोण बघणार? आईने पाहिलं, आणि ते तिच्या लक्षात राहिलं.

मी पंचांग काढलं. ३ जून २०२०, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. आजोबांचा हिशोब तिथीची पाऊणपट: बारा पाऊणे नऊ, म्हणजे पूर्ण भरती सकाळी नऊच्या आसपास आणि पूर्ण ओहोटी तीनला. वादळाने किनारा ओलांडला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, अलिबागच्या दक्षिणेला. आमच्याकडे वारा आधी आग्नेयेचा होता, मग दक्षिणेचा झाला, आणि समुद्राचं पाणी आत ढकलणारा पश्चिमेचा वारा सुटला तो दुपारी. म्हणजे चिखल उघडा पडायच्या वेळेला खाडीत होडी तरंगण्याइतकं पाणी होतं. हेच वादळ सहा तास उशिरा, रात्री नऊच्या भरतीला आलं असतं तर? किंवा दोन दिवसांनी, वटपौर्णिमेच्या उधाणाला?

ते तीन कोरडे थर पाहून आम्ही सगळे निश्चिंत झालो होतो. आता मला त्यांचीच धास्ती वाटते. असं वाचलंय की शास्त्रज्ञ संगणकात हजारो वादळं तयार करतात आणि त्यावरून किनाऱ्याच्या धोक्याचा अंदाज काढतात. इथे कुणाला त्यातलं कळत असेल तर कृपया समजेल असं सांगा. जोतं बांधायच्या आधी मला हे समजून घ्यायचंय.

समुद्रगणित

आगरवाडी, तुमच्या आईंचं निरीक्षण फार मोलाचं आहे. मी वादळी लाटेच्या, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर किती पाणी चढेल याच्या, संगणकी प्रतिमानांवर (मॉडेलांवर) काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अडचण कुठे आहे ते बघू. हवामान खात्याकडे वादळांच्या मार्गांच्या नोंदी १८९१ पासूनच्या आहेत, पण उपग्रह येण्याआधी भर समुद्रातली किती वादळं निसटली असतील याचा नेम नाही. त्यात बंगालच्या उपसागरात साधारण चार वादळं होतात तेव्हा अरबी समुद्रात एक होतं, आणि त्यातलीही बरीच ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे जातात. पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे इतके वेगवेगळे वाहतात की वादळाचा मनोरा उभाच राहत नाही. मोसम उरतो मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. त्यामुळे दापोलीसमोरच्या पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यावर थेट आदळलेली वादळं मोजायला एका हाताची बोटंसुद्धा लागत नाहीत. एवढ्याशा नोंदीवरून शंभर वर्षांतली सगळ्यात मोठी लाट कशी काढणार?

म्हणून झालेल्या वादळांवरून न झालेली, पण होऊ शकली असती अशी वादळं रचतात. याच्या दोन वाटा आहेत. एक वाट आकडेवारीची. वादळ कुठे जन्मतं, कोणत्या महिन्यात, दर तीन तासांनी किती सरकतं, कुठे वळतं, समुद्राच्या उष्णतेप्रमाणे किती जोर धरतं, जमिनीवर आल्यावर किती लवकर विरतं, हे खऱ्या नोंदींतून शिकायचं आणि त्याच स्वभावाची नवी वादळं सोडायची. नेदरलँड्सच्या नादिया ब्लूमेंडाल आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला 'स्टॉर्म' नावाचा संच असा आहे. ३८ वर्षांच्या नोंदींतून त्यांनी जगभरातली १०,००० वर्षांची वादळं तयार केली. दुसरी वाट एमआयटीच्या केरी इमॅन्युएल यांची. त्यात समुद्रावर लहान-लहान भोवऱ्यांचं बी टाकायचं. आजूबाजूचे वारे त्याला वाहून नेतात आणि तग धरतो की नाही हे भौतिकशास्त्र ठरवतं. बहुतेक बी मरतं. जे जगतं त्याचं वादळ होतं.

१०,००० वर्षं म्हटल्यावर कुणाला वाटेल की पुढच्या १०,००० वर्षांचं भविष्य सांगतायत. तसं नाही. आजचंच हवामान, पण १०,००० वेळा पुन्हा खेळवलेलं वर्ष.

पुढचं काम पाण्याचं. प्रत्येक वादळाचा मार्ग, केंद्रातला दाब आणि घेर यांवरून वाऱ्याचा नकाशा काढतात, आणि तो वारा समुद्राच्या प्रतिमानावर सोडतात. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था वादळी लाटेच्या इशाऱ्यासाठी 'अ‍ॅडसर्क' नावाचं असंच प्रतिमान वापरते. किनाऱ्याजवळ बारीक आणि समुद्रात मोठे होत जाणारे त्रिकोण, मासेमारीच्या जाळ्यासारखे, आणि प्रत्येक गाठीला समुद्राची खोली.

पाणी चढतं दोन कारणांनी. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल (दाबाचं माप) उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. निसर्गच्या केंद्रात त्याने जेमतेम वीतभर चढ झाला असेल. खरा जोर वाऱ्याच्या ढकलण्याचा. वारा दुप्पट झाला की ही ढकल चौपट होते, आणि पाणी जितकं उथळ तितका चढ जास्त. आपल्या गोलार्धात वादळ उलट्या घड्याळाने फिरतं, म्हणून मार्गाच्या उजव्या हाताला पाणी किनाऱ्यावर येतं आणि डाव्या हाताला समुद्राकडे ओढलं जातं. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं, म्हणजे उजवी बाजू दक्षिणेची: श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोट, केळशी, आंजर्ले. तुम्ही वाईट बाजूलाच होतात. वाचलात ते ओहोटीमुळे.

मग प्रत्येक रचलेलं वादळ भरतीच्या वेगवेगळ्या वेळांवर ठेवून बघतात. तेच वादळ ओहोटीला, तेच अर्ध्या भरतीला, तेच अमावास्येच्या उधाणाला. तुम्ही पंचांग घेऊन जे केलंत, ते हेच.

तांडेल

मी हर्णैचा. वडिलांपासून समुद्रात आहे. समुद्रगणितसाहेब, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. राग नसावा, पण संगणकातलं वादळ आणि आमचं वादळ यात फरक आहे. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या बोटी बाहेर होत्या. जे गेले त्यांच्या घरी आजही त्या तारखेला चूल उशिरा पेटते. ते वादळ तुमच्या मोजणीत एकच ना? आमच्यासाठी तसलं एकसुद्धा पुरेसं आहे.

दुसरं सांगतो. तुम्ही खोलीचं म्हणालात. आंजर्ल्याची काय, केळशीची काय, खाडीचं मुख दर पावसाळ्यानंतर बदलतं. वाळूचा दांडा कधी दक्षिणेला, कधी मधोमध. माहीतगार माणूस पुढे उभा केल्याशिवाय आम्ही बोट आत घेत नाही. तुमच्या जाळ्याच्या गाठीला कोणत्या सालची खोली बांधलेली आहे?

समुद्रगणित

तांडेल, तुमचा प्रश्न अगदी वर्मावर आहे आणि उत्तर सुखाचं नाही. भर समुद्रातली खोली चांगली माहीत आहे. मोठ्या बंदरांपाशीही. लहान खाड्यांच्या मुखाशी मात्र बहुतेक वेळा जुना नकाशा किंवा उपग्रहावरून बांधलेला अंदाज असतो. दहा हजार वादळं सोडली तरी मुखाशीच खोली चुकली असेल तर आतल्या गावाचा आकडा चुकतो. वादळांची संख्या वाढवून ही चूक भरून निघत नाही.

फयानबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून थांबलो होतो. या मोजणीचा उपयोग बोटीवरच्या माणसाला नाही, त्याला वेळेवर इशाराच हवा. हा हिशोब घर, बांध, जेटी, निवारा यांचा आहे. जे जागेवरून हलू शकत नाही त्यांचा.

वेंगुर्लेकर

एक भर घालतो. आमच्याकडे लोक वादळ 'आपटलं' तरच मोजतात. ऑक्टोबर २०१९ चं क्यार आठवतंय का? महाचक्रीवादळ झालं, अरबी समुद्रात २००७ च्या गोनू वादळानंतरचं दुसरं, आणि किनाऱ्याला न शिवता पश्चिमेला निघून गेलं. तरी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला पाणी वस्तीत आलं. दिवाळीची अवस जवळ आली होती, समुद्र आधीच भरलेला. तौक्तेसुद्धा मे २०२१ मध्ये आमच्यासमोरून उत्तरेला सरकत गेलं, जमिनीवर चढलं ते गुजरातेत, पण कोकणभर बागा झोपवून गेलं.

म्हणजे ज्या अभ्यासात फक्त कोकणावर चढलेली वादळं धरतात, त्यात आमचा निम्मा त्रास धरलेलाच नसतो.

आणि भरतीचं म्हणाल तर आमच्याकडे भरती-ओहोटीतलं अंतर मुंबईपेक्षा बरंच कमी. मुंबईला ओहोटीची वेळ साधली तर मोठी लाटसुद्धा पोटात जाते. आम्हाला ती सूट फारशी मिळत नाही. हात-दोन हात चढ आला की कोणत्याही प्रहरी जाणवतो.

समुद्रगणित

अगदी बरोबर, आणि म्हणूनच एक आकडा अख्ख्या कोकणाला लावता येत नाही. उत्तरेला खंभातच्या आखाताकडे उथळ समुद्राचा पट्टा रुंद होत जातो, म्हणून तिथे वाऱ्याने चढणारं पाणीही जास्त आणि भरतीही मोठी. दक्षिणेला पट्टा अरुंद, भरती लहान. डहाणूचा धोका वेगळा, वेंगुर्ल्याचा वेगळा. रचलेल्या वादळांत किनारा न शिवणारी वादळंही धरलीच पाहिजेत, आणि लांबून येणाऱ्या लाटांचा भारही. तो बऱ्याच अभ्यासांत सुटतो.

जोतेबांधणी

मी बांधकामातला आहे. एका जेटीच्या कामात अहवाल पाहिला होता (नाव घेत नाही), त्यात 'शंभर वर्षांची पातळी' असं लिहून मोकळे झाले होते. सरपंचांनी विचारलं, "म्हणजे शंभर वर्षांतून एकदा, मग आम्हाला काय?" कुणीच नीट उत्तर दिलं नाही. अजून मनात सल आहे, म्हणून इथे मांडतो.

१०,००० रचलेल्या वर्षांपैकी ज्या पातळीच्या वर पाणी फक्त १०० वर्षीच गेलं, ती शंभर वर्षांची पातळी. म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. गेल्या वर्षी येऊन गेलं म्हणून या वर्षी सुटका नाही. आता घर तीस वर्षं टिकणार असेल तर त्या काळात एकदा तरी पाणी त्यावर जाण्याची शक्यता २६ टक्के. पन्नास वर्षं धरलीत तर जवळजवळ ४० टक्के. आगरवाडी, तुमच्या घरात नातवंडं खेळेपर्यंत दर पाच घरांमागे दोन घरांच्या नशिबी हे येऊ शकतं, असं धरून चाला. सरपंचांना तेव्हा हे सांगायला हवं होतं.

माहेरवाशीण

माझं माहेर केळशीचं. एक शंका. मुंबईत १८८२ साली जूनमध्ये वादळ येऊन लाखभर माणसं मेली असं मी कितीतरी ठिकाणी वाचलंय. तसं खरंच झालं असेल तर कोकणाचा धोका आपण समजतो त्यापेक्षा खूपच मोठा नाही का?

समुद्रगणित

ताई, बरं झालं विचारलंत. ते वादळ झालंच नाही. कोलंबिया विद्यापीठाचे अ‍ॅडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली मुंबईच्या चक्रीवादळ-धोक्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात आपले काही शास्त्रज्ञही होते. त्यांनी हा दावा तपासला आणि तो खोटा ठरला. कुलाब्याला तेव्हा वेधशाळा होती, शहरात वर्तमानपत्रं निघत होती. लाखभर माणसं गेली असती तर त्याचा मागमूस राहिला नसता का? एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवून घेतलं, आणि ते पक्कं होऊन बसलं.

मी यावर जरा अडतो, कारण आपल्या विषयात याला फार महत्त्व आहे. जिथे नोंदी भरपूर, तिथे एक चुकीची नोंद खपून जाते. आपल्याकडे मोजून चार-दोन वादळं. त्यात एक काल्पनिक महावादळ घातलं की रचलेली सगळी वादळं त्या दिशेने कलतात. आणि उलटही खरं. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर खरंच तीव्र वादळ आलं होतं, ते आज कुणाच्या बोलण्यात नसतं. ते वगळलं तर धोका कमी दिसतो. म्हणून जुन्या नोंदी तपासणं हे संगणकाइतकंच मोठं काम आहे.

आणखी एक: मागची नोंद आजच्या समुद्राला जशीच्या तशी लागू करता येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. आधीची संख्याच लहान होती हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा, पण दिशा स्पष्ट आहे. समुद्राची पातळीही चढतेय. उद्याचं तेच वादळ थोड्या उंच पाण्यावर स्वार होऊन येईल.

खारेपाट

मी अलिबाग-पेण पट्ट्यातला शेतकरी. सगळे घराचं बोलतायत, शेताचं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय. आमची जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. खारबंदिस्ती आहे म्हणून भात पिकतो. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी एकदा आत आलं की ते उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) निघून गेलं तरी मीठ मागे राहतं. दोन-तीन पावसाळे जमीन धुतल्याशिवाय दाणा धरत नाही. घरात पाणी चार तास येतं आणि जातं, शेतातलं तीन वर्षं राहतं.

आणि वादळ एकटं येत नाही, पाऊस घेऊन येतं. खाडीत समुद्र चढलेला असला की उघाडीची झडप बंद, आतलं पावसाचं पाणी तुंबलेलं. दोन्हीकडून बांध भिजतो आणि फुटतो. तुमच्या वादळांत पाऊस आणि नदी धरता का?

समुद्रगणित

दादा, धरायला हवं, आणि बहुतेकदा वेगवेगळं धरलं जातं. समुद्राचा चढ एका अभ्यासात, नदीचा पूर दुसऱ्यात, आणि दोन्ही एकाच रात्री आले तर काय हे तिसऱ्यावर सोडलेलं. आता दोन्ही एकत्र मोजण्याचं काम सुरू आहे, पण गावपातळीवर अजून पोचलेलं नाही. तुमचा मुद्दा मी आमच्या बैठकीत मांडणार आहे.

माहेरवाशीण

सरकारने किनाऱ्यासाठी धोक्याची रेषा आखली आहे ना? मग घर बांधताना तीच बघायची की झालं.

जोतेबांधणी

ताई, ती रेषा भारतीय सर्वेक्षण विभागाने आखली आहे, भरती, लाटा, समुद्राची वाढती पातळी आणि किनाऱ्याची धूप धरून. पण २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत ती आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यासाठी वापरायची असं म्हटलंय. बांधकामाला बंदी ठरते ती भरतीरेषेपासूनच्या अंतराने: खुल्या समुद्रासमोरच्या गावांत लोकवस्ती दाट असेल तर ५० मीटर, विरळ असेल तर २०० मीटर. अंतर आडवं मोजतात, पाणी चढतं उभं. खाडीकाठी नियमाचं अंतर सोडूनही जमीन बांधापेक्षा खोलगट असू शकते. परवानगी मिळाली म्हणजे जागा सुरक्षित, असं धरू नका.

आगरवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस काही लिहिलं नाही, कारण मोजणी करत होतो.

भावाने उंची मोजायची डम्पी लेव्हल आणली. पौर्णिमेच्या भरतीला पाणी बांधाच्या ज्या थरापर्यंत आलं तिथे खिळा मारला. मग आईला घेऊन बांधावर गेलो आणि होडी त्या दुपारी कुठे धडकत होती ते तिला दाखवायला सांगितलं. तिने जागा दाखवली, तिथेच चिऱ्याचा कोपरा फुटलेला आहे. तिथून त्या तिथीच्या पूर्ण ओहोटीची पातळी मोजली. फरक निघाला एक मीटर आणि वर चार बोटं. तेवढं पाणी वादळाने चढवलं होतं. हवामान खात्याने त्या वेळी रत्नागिरीसाठी अर्धा ते एक मीटर आणि रायगडसाठी एक ते दोन मीटर चढाचा इशारा दिला होता. आम्ही दोहोंच्या सीमेवर, म्हणजे आईची आठवण ठीक बसते.

आता तेच एक मीटर पौर्णिमेच्या खिळ्यावर ठेवलं. बांधावरून पाणी जातं आणि आमच्या सध्याच्या ओटीवर गुडघाभर येतं. हे फक्त निसर्ग, वेळ बदलून. त्याहून जोरदार वादळ नाही, पाऊस नाही, लाटा नाहीत.

काकांना बांधावर नेऊन खिळा दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांनी धान्याची कणगी माळ्यावर का ठेवली असेल ते आत्ता कळलं." जोतं साडेचार फूट धरलंय. विजेचा मीटर आणि पंपाची पेटी त्याच्याही वर. पायऱ्या वाढतात आणि आईचे गुडघे दुखतात, म्हणून एका बाजूने उतार काढतोय. खर्च वाढला, भाऊ तयार आहे.

समुद्रगणित

आगरवाडी, तुमचा एक मीटरचा आकडा मला लेखी पाठवाल का? वेळ, तिथी, बांधाची उंची आणि त्या फुटलेल्या चिऱ्याचा फोटो. मोठ्या बंदरांवर भरती मोजायची यंत्रं आहेत, मधल्या खाड्यांत काही नाही. आमच्या प्रतिमानातलं निसर्ग तुमच्या खाडीत किती पाणी चढवतं ते ताडून बघतो. जमलं नाही तर चूक आमची, आणि ती कुठे आहे ते शोधायला याच खुणेचा आधार मिळेल.

आणि तांडेल, मुखाची खोली कुणाकडून मिळेल?

तांडेल

काल सकाळी पुतण्याला घेऊन होडीने गेलो. दोरीला शिसं बांधून मोजलं, ओहोटी पूर्ण लागली होती. मुखाच्या उत्तरेला पाऊण वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). मधोमध दांड्यावर हातभर. दक्षिणेच्या खडकाशी दोन वाव, बोटी तिथूनच जातात. तुमच्या नकाशात काय आहे?

समुद्रगणित

मधोमध चार मीटर.

तांडेल

तो दांडा तिथे सहा वर्षं तरी आहे. दर पौर्णिमेला मोजून टाकतो इथे. आणखी कुठली खाडी हवी असेल तर सांगा, जयगडपर्यंत ओळखीचे आहेत.